पायांची एकादशी

“गाडीकडं तोंड करून चाला, बाई. पाठ दाखवायची तर मानसाला दाखवा, ट्रकला दाखवू नका.”

अजून कानात आहे तो आवाज. धाप लागलेला, पण वाक्य मध्येच न तुटणारा.

मार्गशीर्ष होता. बाहत्तर साल सरत आलं होतं. पाऊस झालाच नव्हता, थंडी मात्र नेमानं आली होती. आई गेल्यापासून माझा एक नेम होता. उजाडायच्या आत देवीच्या पायावर तांब्याभर पाणी घालायचं. त्या साली गावची विहीर कोरडी पडली, टँकरचं पाणी माणशी मोजून मिळू लागलं, तरी नेम मोडला नाही. माझ्या वाटणीचं पिण्याचं पाणी मी तांब्यात काढून ठेवी. आमची वस्ती घोडेगावच्या बाहेर, आणि देवीची घुमटी नगर–औरंगाबाद सडकेच्या कडेनं अर्धा मैल पुढं. त्या वाटेवर अंधारात मी डाव्या अंगानं चालले होते, आणि समोरून तो पळत आला.

मी पदर सावरला. “देवी हाय पाठीशी,” म्हणाले.

“देवी हाय. पन डायवर देवीला वळखत न्हाई.” तो उभ्या जागी पाय हलवतच होता, थांबला की अंग गार पडतं म्हणून. “या अंगाला या, उजव्या. म्हंजी येनारी गाडी समूरून दिसती. दिसली की खाली मुरमावर उतरायचं. आन दिवा एकच दिसला तर मोटारसायकल समजू नका. एका डोळ्याचा ट्रकबी असतो.”

“तुमी काय सडकेचे पाटील हाय का?”

“पाटील कुठला... सडकेचा गडी हाय!” तो हसला, आणि अंधारात विरघळून गेला. बराच वेळ नुसते कॅनव्हासच्या बुटांचे आवाज येत राहिले.

तो गहिनीनाथ. पलीकडच्या वस्तीवरचा. गावात त्याला ‘पळता गहिनी’ म्हणत, आणि मागून हसत. प्यायला पाणी नाही, आणि हा घाम गाळत हिंडतो!

दुसऱ्या दिवशी मी उजव्या अंगानं चालले. तो आला, थांबला नाही. जाता जाता एवढंच म्हणाला, “बरं केलं.”

दोन शब्द. देवीला पाणी घालताना धार चुकली माझी त्या दिवशी.

*

दिवसा सगळं गाव दुष्काळी कामावर असे. तीच सडक रुंद करायची होती, आणि आम्ही तिच्यासाठी खडी फोडत होतो. मी, माझा भाऊ पुंजारामदादा, लंकावहिनी, सगळेच. गहिनीनाथही हातोडा घेऊन बसे. पहाटे ज्या सडकेवर पळायचा, तिच्याच कडेला दिवसभर दगड फोडायचा. दुपारी सुकडी मिळे. मूठभर गोड पीठ, त्यावर पुरुषांनीही दिवस काढायचा.

पुण्याला चैत्रात राज्याच्या संघाची निवड होती. दहा हजार मीटर. तीत नाव लागलं की पोलीस खात्यात खेळाडू म्हणून घेतील, असं त्याला नगरच्या एका रिटायर हवालदारांनी सांगितलं होतं. तेच त्याचे गुरू. दर महिन्याला पोस्टकार्ड पाठवायचे, आणि त्यात पुढच्या चार आठवड्यांचं पळणं लिहिलेलं असायचं.

एकदा पाटी उचलता उचलता मी हळूच विचारलं, “रोज रोज तेवढंच पळता?”

“न्हाई वं. पयल्या आठवड्यात रोजचं पाच मैल. दुसऱ्यात सात. तिसऱ्यात नऊ, आन त्यात दोन दिस चढावर, जीव तोंडात येस्तवर.”

“आन चवथ्यात? अकरा?”

“तितंच तर लोक चुकतात. चवथ्यात निम्मं. तेबी रानातल्या मऊ वाटंनं. सडकंवर पाय ठेवायचा न्हाई.”

“का बरं?”

“हवालदार म्हन्त्यात, ताकद पळताना येत न्हाई, थांबल्यावर येती. तीन आठवडं पायाला मारायचं, चवथ्यात त्याला झोपू द्यायचं. न झोपलेला पाय आन न झोपलेला डायवर — दोनी सारकेच.”

मला हसू आलं. “म्हंजी चवथ्या आठवड्यात तुमच्या पायांची एकादशी.”

तो हातोडा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. “हे हवालदारांनाबी सुचलं नसतं... मोडली तर काय व्हतं वं एकादशी?”

“केलेलं समदं वाया जातं.”

“मंग न्हाई मोडायचो,” तो म्हणाला. दगडाकडं बघून म्हणाला, पण मला ऐकू येईल असं.

माझे उपास वाढले. सोमवार होताच, मंगळवार धरला, मग शनिवार. उपासाला सुकडी चालत नाही, तेव्हा माझ्या वाटणीची पुडी मी त्याच्या पाटीत टाकून पुढं जायची.

“तुमचा उपास माज्या पायाला लागतुया,” तो पुटपुटायचा.

लंकावहिनीनं मात्र एक दिवस दंड धरला माझा. “आठवड्यात वार किती गं, गोजर? सात का? का तुजं आट झालं?”

मी खाली बघितलं. वहिनीनं दंड सोडला.

मीही एकदा त्याला पकडलं होतं. “दुसऱ्याला शिकवता, आन सोता खाकी सदरा घालून पळता? अंधारात खाकी आन सडक एकच दिसती.” मग आमच्या वडलांच्या, नानांच्या जुन्या धोतराची एक पट्टी त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर मी शिवून दिली. हातभर रुंद, दुहेरी टाक्याची. त्यानं सदरा घेताना पट्टीवरून अंगठा फिरवला, एकदाच. माझ्याच पाठीवरून फिरल्यासारखा काटा आला...

*

माघात मी मनाशी एक व्रत धरलं. चाळीस दिवस मुक्यानं पाणी. तांब्या भरला की देवीच्या पायावर रिकामा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी हाक मारो, काही होवो. शब्द निघाला की व्रत मोडलं आणि मागणं बुडालं. मागणं काय होतं, ते देवीला ठाऊक होतं आणि मला. पुण्याच्या यादीत त्याचं नाव.

त्याला सांगितलं नाही. व्रत सांगायचं नसतं.

पहिल्या दिवशी तो गोंधळला. “आज रुसवा हाय व्हय?” मी नाही अशी मान हलवली. “दात दुखतोय?” पुन्हा मान. मी तांब्याकडं बोट केलं, मग ओठांवर ठेवलं. त्याच्या ध्यानात आलं, आणि तो असा काही खुलला!

“आसं हाय तर! म्हंजी आता मी बोलायचं आन तुमी न्हाई म्हनायचं न्हाई. मंग इचारून घेतो... तुमाला गाडीकडं तोंड करून चालायला कुनी शिकवलं? लई गुनाचा मानूस आसंल तो.”

मी तांब्यातल्या पाण्याचे दोन थेंब त्याच्यावर उडवले. दुष्काळात! लगेच मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली.

रोज पहाटे तो असाच दहा-बारा पावलं माझ्या बाजूनं उलटा पळत चालायचा आणि बोलायचा. हवालदारांचं पत्र आलं. आईला खोकला आहे. पोलिसात लागलो की नगरला सावेडीकडं खोली घेणार, तिकडं घरात नळाला पाणी येतं म्हणे... एवढं बोलून एक दिवस तो थांबला आणि म्हणाला, “तितं एक देवीबी हाय म्हन्त्यात. जवळच. सडक वलांडावी लागत न्हाई.”

मी थांबले नाही. पण घुमटीपर्यंतचं ते अंतर कसं सरलं, मला सांगता यायचं नाही. परतताना तोंड मोकळं असे, पण तोवर तो मैलभर पुढं गेलेला असे. आणि दिवसा खडीवर चार माणसांत काय बोलणार? बोललो नाही म्हणून ठरायचं ते राहिलं नाही. ठरलंच ते.

*

एकोणतिसावा दिवस. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस होता तो. त्या साली बाजाराला नुसती गर्दी, घेणारा कुणी नाही. लोक दावणीची जनावरं चारा-पाण्यावाचून मरण्यापेक्षा विकून टाकत, आणि ट्रकच्या ट्रक भरून ती सडकेनं जात.

आम्ही रचलेले खडीचे ढीग सडकेच्या उजव्या कडेला होते. मोजणीचे साहेब जीपमधून उतरायचे नाहीत. बसल्या जागेवरून माप घेता यावं म्हणून ढीग डांबराला टेकवून रचायची चाल पडली होती. आम्हा बायकांनाही चार पावलं कमी वाहायला लागत. कुणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही. पण पायानं चालणाऱ्याला ढिगापाशी मुरूम उरत नव्हता, डांबरावरच यावं लागे.

त्याचा तो चौथा आठवडा होता. चार दिवस दिसला नव्हता, दिसणारही नव्हता. आणि तरी त्या पहाटे मागून ओळखीची पावलं आली. घुमटीच्या बाजूनं नव्हे, माझ्या मागून. माझ्याजवळून पुढं गेला, वळून हसला, हातानं ‘आज थोडंच’ अशी खूण केली. मी तांब्या छातीशी धरून रागावल्यासारखं केलं... एकादशी मोडलीत? असं डोळ्यांनीच विचारलं. तो पाठ फिरवून पळू लागला. धोतराची पांढरी पट्टी वरखाली, वरखाली.

मग मला मागून आवाज आला. मी वळले. बाजाराला निघालेली एक बैलगाडी, आणि तिला वळसा घालून उजव्या अंगाला आलेला एक दिवा. एकच.

मी मुरमावर उतरले. ट्रक माझ्या अंगावरून गेल्यासारखा गेला, जनावरांचा वास, तापलेल्या तेलाचा वास. आणि पुढं तो ढिगाला वळसा घालायला डांबरावर चढत होता. पाठमोरा.

हाक मारायला वेळ होता. फार नाही. ‘गहिनी’ एवढं म्हणण्यापुरता होता.

माझं तोंड उघडलं. आणि मनात आलं — अकराच दिवस राहिलेत.

एवढंच आलं मनात. मोजायला गेलं तर एका श्वासापेक्षा कमी. त्यानंतर मी ओरडले, तांब्या फेकून ओरडले, पण ती हाक त्याला धडक बसल्यानंतर पोचली.

ट्रक थांबला नाही. गाडीवान, मी आणि आणखी दोघांनी त्याला बैलगाडीत घातलं. घोडेगावातून नगरला न्यायला जीप मिळेपर्यंत उजाडलं होतं. माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं. सगळ्या गावानं पाहिलं. मी पदर सारखा केला नाही.

*

नगरच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

बाराव्या दिवशी मी गेले. वहिनीच्या माहेरचं कुणी आजारी आहे, असं दादाला सांगून वहिनीनंच मला एसटीत बसवलं. गहिनीनाथची आई बायडाबाई खाटेखाली बसली होती. मला बघून ती उठली, “पानी आनते,” म्हणाली, आणि तांब्या भरलेला असताना बाहेर गेली.

तो छताकडं बघत होता. गालफडं बसलेली. पांघरूण एका बाजूला सपाट.

“मी ट्रक पाह्यला हुता,” मी म्हणाले. दुसरं काही आधी बोलता येणारच नव्हतं. “लांबून. वरडले न्हाई. मुक्यानं पानी हुतं... मोडंल म्हनून.”

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कण्हत होता. तो कण्हायचा थांबेपर्यंत गहिनीनाथ तसाच पडून राहिला.

“कशासाटी हुतं व्रत?”

“तुमचं नाव लागावं म्हनून. पुन्याला.”

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. त्याची पाठ हलत होती. हसत होता की रडत, मला कळलं नाही. हात लावायचं धाडस झालं नाही.

“जा आता,” तो म्हणाला.

मी उठले. दारापर्यंत गेले असेन.

“गोजर.”

पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं. आजवर ‘तुमी’ आणि ‘वं’ यावरच भागत होतं.

“तो माजा चवथा आठवडा हुता. हवालदारांनी कार्डात खाली दोन रेघा मारून लिवलं हुतं, सडकंवर जायाचं न्हाई. मला पळायचं नव्हतंच त्या दिशी.”

“मग?”

“चार दिस तू दिसली नव्हतीस.” भिंतीशीच बोलत होता तो. “तू बोलत न्हाईस, थांबत न्हाईस... तरी बगायचं हुतं. ट्रकचा आवाज मलाबी आला हुता गं. ध्यान मागं हुतं, पन गाडीकडं न्हाई.”

मी परत येऊन खाटेच्या कडेला उभी राहिले. दोघांच्या मध्ये ते सपाट पांघरूण.

“आता कुनाचं पाप मोटं?” तो म्हणाला. “मापाला साहेब बोलवू.”

मला हुंदका आला आणि हसूही आलं, एकदम. त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. डोळे कोरडे, लाल.

“देवीवर रुसलीस?”

“रुसायला तोंड हाय का मला? पानी घालते. पन आता बोलत जाते वाटंनं. मोट्यानं.”

“काय बोलतीस?”

“तुमचं नाव.”

बाहेर बायडाबाईचा खोकला ऐकू येत होता. ती दाराशी येऊन थांबली होती, आणि आत येत नव्हती.

“ऐक,” तो म्हणाला. “मी नवरा म्हनून आता कामाचा न्हाई. पोलिसात न्हाई, रानात न्हाई, खडीवर न्हाई. तू आज जा. तीन आठवडं हिकडं फिरकू नको. मला रडायचंय, आईवर वरडायचंय, देवाला शिव्या द्यायच्यात, ते समदं तुज्यादेकत करायचं न्हाई. हातात कुबड्या घ्यायच्यात. ते झाल्यावर, चवथ्या आठवड्यात... यायचं तर ये. सोमवारी. राह्यला ये. न्हाई आलीस तर मी समजंन. खरंच समजंन.”

“येईन.”

“घरचे—”

“येईन म्हनले ना.”

“देवीची आन?”

“देवीला मधी न्हाई आनायची आता,” मी म्हणाले. “तुमाला देते वचन. निस्तं तुमाला.”

*

तीन आठवडे. दादानं वेळ गमावला नाही. सडकेवर, सगळ्यांच्या देखत परक्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलेली बहीण घरात किती दिवस ठेवणार? राहुरीकडचं स्थळ आणलं. बिजवर, दोन मुलांचा बाप, पण पाटाच्या पाण्याखालची जमीन. दादा ‘पाटाचं पाणी’ हे शब्द इतक्या हळू, इतक्या गोडीनं उच्चारायचा, जणू प्रसाद वाटतोय.

“हंडाभर पान्यासाटी रांगंत उभं राह्यचं न्हाई आयुष्यभर,” तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. माझ्या काळजीनंच म्हणाला, आणि त्यामुळंच उत्तर देणं अवघड होतं. “सोमवारी येत्यात बगायला. न्हाई म्हनलीस तर परत या घराचा उंबरा तुला न्हाई, गोजर. मला चार जनांत ऱ्हायचंय.”

सोमवारी पहाटे उठले. अंघोळीला पाणी नव्हतंच. तोंडावरून ओला हात फिरवला, देवीला जाऊन पाणी घातलं, परत आले. एक लुगडं, चोळी, आईची फणी असं फडक्यात बांधलं. ओसरीवर दादा झोपला होता, अगदी दाराला लागून. दार जुनं, उघडताना करकरायचं. देवीला जाताना-येताना करकरलं, ते रोजचंच होतं; पुन्हा करकरलं असतं तर तो उठलाच असता.

मी कडीला हात घातला आणि मागं वहिनी उभी. हातात पाहुण्यांसाठी काढून ठेवलेली कपबशी.

“नगरला?” ती कुजबुजली.

मी मान हलवली.

“एका पायाच्या मानसापायी?”

“व्हय.”

“पानी न्हाई तितं, रान न्हाई, सासूला खोकला... पस्तावशील.”

“पस्तावंन कदाचित, वहिनी.”

तिनं माझ्याकडं पाहिलं, ओसरीकडं पाहिलं. कपबशी कोनाड्यात ठेवली. मग ती जात्यापाशी जाऊन बसली, पदर खोचला, खुंटा धरला.

घरात दळायला दाणा नव्हता. गेल्या पंधरवड्यात जातं फिरलं नव्हतं. वहिनीनं ते रिकामंच फिरवायला सुरुवात केली. दगडावर दगड, असा खरखराट उठला की भिंतीवरची भांडी थरथरली. “काय गं येडे, पहाटंचं?” ओसरीवरून दादा झोपेतच ओरडला. “पाव्हणे यायचेत, पीठ नको व्हय?” वहिनी मोठ्यानं म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता हात आणखी जोरात फिरवू लागली.

त्या आवाजात मी कडी काढली, आणि बाहेर पडले.